एकशे अठ्ठ्याण्णव टाक्यांचं वांगं

"सर, तुमच्या डोक्याला थंडी वाजत नाही का?"

हा प्रश्न यशश्रीचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो सानवीने डब्याच्या सुट्टीत तयार केला, 'हिंमत असेल तर विचारून दाखव' म्हणून यशश्रीच्या हवाली केला आणि गणिताच्या तासाला स्वतः पुस्तकामागे तोंड लपवून बसली. यशश्रीला दिवाळीपासून आत्मविश्वास आला होता. काही लोकांना ताप येतो, तसा. वक्तृत्व स्पर्धेत तिसरा नंबर आल्याचं निमित्त झालं आणि तेव्हापासून तिच्या तोंडून वाक्यं आधी बाहेर पडत, विचार मागून धापा टाकत येत.

जयसिंगराव घाटगे सर फळ्यावर वर्तुळ काढत होते. कंपास न घेता, नुसत्या हाताने. त्यांचं डोकं संपूर्ण गुळगुळीत होतं आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या डोक्याबद्दल त्यांच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. दहावी 'ब'च्या बेचाळीस जणांनी श्वास रोखला. सरांनी वर्तुळ पूर्ण केलं, खडू ठेवला, हात झटकले.

"वाजते," ते म्हणाले. "फार वाजते. संक्रांतीच्या उत्तरायणला सकाळी सहाला पतंग घेऊन गच्चीवर उभा राहिलो की टाळूवर कुणीतरी बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं. माकडटोपी आहे माझ्याकडे, पण ती घातली की आमच्या घडियाळी पोळाच्या गल्लीतली माणसं मला चोर समजतात. हाताने विणलेली एखादी टोपी मिळाली असती तर बरं झालं असतं. पण हल्ली विणतंय कोण?"

प्रश्न सरांनी हवेला विचारला होता. हवेने काही उत्तर दिलं नाही. यशश्रीने दिलं.

"मी देते ना सर विणून! उत्तरायणच्या आत!"

"नक्की?"

"एकदम नक्की!"

सरांनी वहीत तारीख लिहून घेतली. आता यात एकच छोटीशी अडचण होती. यशश्रीला विणता येत नव्हतं.

बडोद्यात वासण्याला यशश्रीचं घर होतं, तिथे ही बातमी तिच्या आधी पोचली, कारण सानवीची आई आणि यशश्रीची आई एकाच रिक्षाने येतात. बाबा रिफायनरीतून आले, चहा घेतला आणि माळ्याकडे बघत बसले. या घरात माळ्याकडे बघणं म्हणजे भाषणच असतं. माळ्यावर यशश्रीची गिटार आहे. तिच्या शेजारी स्केटिंगचे बूट, त्यांच्यावर जपानी भाषेची तीन पुस्तकं, एक पाव भरलेली चित्रांची वही, आणि वारली रंगवायला घेतलेलं मडकं, ज्यावरचा एकच माणूस गेली दोन वर्षं जोडीदाराची वाट बघत नाचतोय.

"बाबा, या वेळी वेगळं आहे," यशश्री म्हणाली.

"मडक्याच्या वेळी पण वेगळं होतं."

"उन्मेष, बोर्डाचं वर्ष आहे," आई बाबांना म्हणाली. हे वाक्य आई जूनपासून दिवसातून चार वेळा म्हणत होती, त्यामुळे ते कुणाला उद्देशून आहे हे आता कुणी बघत नसे.

बाबांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. फ्रिजवर आंब्याच्या लोहचुंबकाखाली अकरावी-बारावी सायन्सच्या कोचिंगचा फॉर्म लटकत होता. यशश्रीला पुढे काय करायचंय हे यशश्रीला नक्की ठाऊक नव्हतं, पण तो फॉर्म बघितला की ती फ्रिज न उघडताच परत फिरे.

"शेवटची तारीख पंधरा जानेवारी," बाबा म्हणाले. "तुझं म्हणणं, माझं मी ठरवणार. माझं म्हणणं, जिला एक गोष्ट शेवटाला नेता येत नाही तिने दोन वर्षांचं ठरवू नये. तेव्हा असं करू. चौदा तारखेला टोपी पूर्ण झाली, तर फॉर्मचं तू ठरव. नाही झाली, तर पंधराला मी सही करतो."

"मंजूर!" यशश्री म्हणाली. विचार मागून येत होता, पण दार लागलं होतं.

तळमजल्यावरच्या लीलाबेनना विणता येत होतं. त्या फक्त एकाच व्यक्तीसाठी विणत. ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या देवघरातले सहा नंबरच्या मापाचे ठाकोरजी. रांगता बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा. लीलाबेनच्या ठाकोरजींना थंडीत रोज नवा स्वेटर, जुळती टोपी, रविवारी मफलर. बडोद्याची थंडी सगळी मिळून दहा-बारा दिवसांची, पण ठाकोरजींकडे कपडे काश्मीरला राहणाऱ्यासारखे.

"शीखवाडीश ने!" लीलाबेन म्हणाल्या. "शिकवेन बेटा, एमां शुं? पण माझ्याकडे बध्धी रीत ठाकोरजींच्या मापाची आहे. माणसाची नथी."

"चालेल. मी वाढवून घेईन."

इथे गोष्टीने वळण घेतलं, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लीलाबेनकडे सुलट, तर समोरच्या ब्लॉकमधल्या नलिनीकाकूंकडे उलट, अशी तिची शिकवणी सुरू झाली. कारण नलिनीकाकूंनी तिसऱ्या दिवशी जिन्यात तिला थांबवून सुया हातातून काढून घेतल्या. "अगं, धागा उजव्या हातात धरतात होय? हे गुजराती लोक काहीही शिकवतात. डाव्या धर." दुसऱ्या दिवशी लीलाबेननी तो डाव्या हातातून काढून उजव्यात ठेवला आणि "मराठी लोकोनुं बधुं ऊंधुंज", म्हणजे सगळं उलटंच, असं म्हणून एक निःश्वास सोडला. आठवडाभरात यशश्री दोन्ही हातांनी विणायला शिकली. म्हणजे, दोन्ही हातांनी चुकायला.

सरावासाठी तिने भेटवस्तू करायच्या ठरवल्या, आणि तिला एक मोठा शोध लागला: भाजीत चूक दिसत नाही. चौकोनी रुमाल वाकडा झाला की वाकडा दिसतो. मिरची वाकडी झाली की मिरचीच दिसते! सानवीला तिने दप्तराला लटकवायला हिरवी मिरची दिली. आईला टाचण्या टोचायला टोमॅटो. बाबांच्या स्कूटरच्या किल्लीला भेंडी करायला घेतली होती, ती जरा फुगली आणि अंगावर गाठी आल्या, म्हणून 'कारलं' म्हणून दिली. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि किल्ली अडकवली. "पूर्ण आहे?" त्यांनी विचारलं. "पूर्ण आहे," ती म्हणाली. ते दुसऱ्या दिवशी कारलं घेऊन रिफायनरीत गेले, आणि संध्याकाळी त्यांच्या खात्यातल्या दोघांनी कारली सांगितल्याचा निरोप घेऊन आले. नलिनीकाकूंनी चष्मा ठेवायला दुधी सांगितला. यशश्री सगळ्यांना हो म्हणाली. हो म्हणायला सुया लागत नाहीत.

सरांची टोपी अर्थातच वांगं होणार होती. जांभळी, गोल, वर हिरवा देठ. आणि आता माप.

सरांना डोकं मोजू द्या म्हणणं शक्य नव्हतं. एका वर्षात त्या डोक्याबद्दल एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो खर्च झाला होता. पण सरांनीच शिकवलेलं त्रैराशिक हाताशी होतं. ठाकोरजी बसलेले असताना उंची सहा इंच. त्यांच्या टोपीला टाके छत्तीस. तर सर बसलेले असताना उंची जितकी, तितके टाके किती? सर खुर्चीत बसले की त्यांच्या मागे भिंतीवर पायथागोरसचा तक्ता येई. सानवीने दोन तास प्रमेयाऐवजी टाळूकडे बघितलं. सरांचं डोकं कर्णाच्या वर्गाला टेकतं, असं नक्की झालं. सुट्टीत दोघींनी पट्टी लावली. खुर्चीच्या बैठकीपासून तेहतीस इंच.

"साडेपाच पट," यशश्रीने पाटीवर केल्यासारखं बाकावर पेन्सिलीने केलं. "छत्तीस गुणिले साडेपाच, एकशे अठ्ठ्याण्णव."

"जास्त नाही वाटत?" सानवी म्हणाली.

"गणित आहे सानवी. वाटण्याचा काय संबंध?"

लोकर घ्यायला त्या घडियाळी पोळाजवळच्या दुकानात गेल्या. तिथे लोकर ठाकोरजींसाठीच मिळते, त्यामुळे गुंडे लिंबाएवढे. एक गुंडा म्हणजे एका देवाचा एक हिवाळा. यशश्रीने जांभळे चौदा मागितले. दुकानदाराने चष्मा वर केला. "चौद? कया मंदिर माटे, बेन?" एवढी लोकर कुठल्या देवळासाठी, हे त्याला कळेना.

एकशे अठ्ठ्याण्णव टाके साध्या सुयांवर मावत नाहीत. लीलाबेननी गोल विणायची सुई काढून दिली: दोन छोट्या सुया आणि मध्ये प्लास्टिकची लांब दोरी. या सुईचा एक गुण असा की टाके दोरीवर दाटीवाटीने गोळा होऊन बसतात आणि आपण काय आकाराचं विणतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. यशश्रीच्या दृष्टीने तो त्या वेळी गुणच होता.

सहा जानेवारीला अर्धं वांगं झालं होतं. आठ दिवस राहिले होते. वेळ वाचवायला ती वांगं शाळेत घेऊन गेली, आणि मधल्या सुट्टीत शिस्तीच्या बाई मागून आल्या.

"हे काय? टोकदार वस्तू?"

"बाई, हे वांगं आहे."

हे उत्तर खरं असलं तरी परिस्थितीला धरून नव्हतं. वांगं जप्त झालं. ऑफिसात एक जाड रजिस्टर होतं. त्यात मोबाइल, भोवरे आणि एका कासवाखाली नोंद झाली: 'सुई दोरीसकट एक. जांभळी लोकर. वांगं, अर्धं.' मग ते लोखंडी कपाटात गेलं आणि कुलूप लागलं.

सुईच्या टोकांना बूच नव्हतं. कपाटात कुणी ते हलवलं, एक टाका जरी घसरला, तर एकामागून एक एकशे अठ्ठ्याण्णव जण मोकळे होणार होते. ती रोज सुट्टीत कपाटाशी जाऊन फटीतून बघे. फटीतून फक्त कासवाचा खोका दिसे.

"पालकांचा अर्ज आण," ऑफिसातले क्लार्क म्हणाले.

तिने आणला. बाबांनी सही करताना फ्रिजकडे बघितलं, पण केली.

"वर्गशिक्षकांची शिफारस?"

वर्गशिक्षक म्हणजे घाटगे सर. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. 'वांगं, अर्धं' या शब्दांपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या, काही वेळ वरच राहिल्या आणि खाली येऊन त्यांनी लिहिलं: 'वस्तू शैक्षणिक आहे.'

"आता द्या!" ती क्लार्कना म्हणाली.

"देतो ने. पण कपाटाची चावी शिपाई मोटाभाईकडे. ते रजेवर. गामडे गया छे, अगियारमीए आवशे."

अकरा तारखेला चावी आली. कपाट उघडलं. सुईवरून नऊ टाके निसटले होते आणि कासवाच्या खोक्याच्या खिळ्याला अडकून थांबले होते. यशश्रीने आयुष्यात पहिल्यांदा एका खिळ्याला मनापासून नमस्कार केला. शाळा सुटल्यावर लीलाबेननी ठाकोरजींचं नाव घेत, एकेक टाका उचलून सुईवर परत बसवला. नलिनीकाकूंनी शेजारी उभं राहून टॉर्च धरला आणि तेवढा वेळ गुजराती लोकांविषयी काही म्हटलं नाही.

तेरा तारखेला दुपारी चार वाजता शेवटचा टाका बंद झाला, देठ शिवला गेला आणि वांगं पहिल्यांदाच सुईबाहेर आलं. यशश्रीने ते टेबलावर पसरलं.

आई आली. आईने वांग्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. टेबलाचा बराच भाग दिसत नव्हता.

"जरा मोठी नाही का झाली?"

"गणित तीनदा तपासलंय," यशश्री म्हणाली. तिने पट्टी लावली. घेर चाळीस इंच. बाबांचा कमरेचा पट्टा अडतीसचा आहे.

"घाबरू नकोस," नलिनीकाकू म्हणाल्या. "लोकर गरम पाण्यात आटते. माझ्या ह्यांचा स्वेटर एकदा असा आटला की आमच्या पुतण्याला झाला."

तर गरम पाणी केलं, वांगं बुडवलं आणि गच्चीवर देठाला चिमटा लावून वाळत घातलं. लीलाबेन वर पतंगाची फिरकी घेऊन आल्या, त्यांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. ही लोकर मेंढीची नव्हतीच. ठाकोरजींची लोकर कारखान्यातली असते. ती आटत नाही. ओली करून टांगली की लांबते. संध्याकाळपर्यंत वांग्याचा दुधी झाला होता.

आता काय? उसवायला वेळ नाही, विणायला लोकर नाही. समोर फ्रिज. बाबांनी वांगं हातात घेऊन बघितलं. "पूर्ण आहे?" त्यांनी विचारलं. यशश्रीने मान हलवली. ती 'हो' म्हणून हलली की कशी, हे बाबांनी विचारलं नाही.

उत्तरायणच्या सकाळी सहा वाजता बडोद्याचं आकाश अजून राखाडी असतं आणि गच्च्या मात्र भरलेल्या असतात. घडियाळी पोळातल्या गच्च्या एकमेकींना इतक्या चिकटून की एका गच्चीवरची चिक्की तिसऱ्या गच्चीवर हातोहात जाते. यशश्री आणि सानवी पुडकं घेऊन सरांच्या गच्चीवर चढल्या, तेव्हा सर कान दाबून उभे होते. डोकं उघडं. माकडटोपी त्यांनी घातली नव्हती.

"आलीस! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आज हाताने विणलेली येणार आहे म्हणून."

'सगळ्यांना' म्हणजे अकरा गच्च्यांना. सगळ्या कठड्याशी आल्या होत्या. यशश्रीच्या मनात आलं, पुडकं खाली रस्त्यावर सोडून द्यावं, कुणाच्या तरी स्कूटरवर पडेल आणि संपेल. पण दिलेला शब्द पुडक्याहून जड असतो, तो सोडून देता येत नाही. तिने वांगं पुढे केलं.

सरांनी ते दोन्ही हातांनी, पगडी चढवावी तसं, मानाने डोक्यावर चढवलं.

ते थांबलं नाही. कपाळावरून आलं, चष्म्यावरून आलं, मिशांवरून आलं आणि खांद्यांवर येऊन बसलं. सरांच्या जागी पांढऱ्या लेंग्यात एक जांभळं वांगं उभं होतं. देठ वाऱ्यावर हलत होता.

मग तिसऱ्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "एऽऽ, साहेब, भरेलुं रिंगण!" म्हणजे भरलं वांगं, आणि अकरा गच्च्या हसल्या. भोंगे वाजले. थाळ्या वाजल्या. पतंग कापून 'काप्यो छे' ओरडताना वाजतात त्याहून जोरात. सानवी हसता हसता फिरकीवर बसली. यशश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीचं नव्हतं.

वांग्याच्या आतून आवाज आला. शांत, तासाला असतो तसा.

"एकूण टाके किती?"

"एकशे... एकशे अठ्ठ्याण्णव, सर."

"कसे काढलेस?"

तिने सांगितलं. लीलाबेनचे ठाकोरजी, सहा इंच, छत्तीस टाके. पायथागोरसचा तक्ता, तेहतीस इंच. साडेपाच पट. वांगं लक्ष देऊन ऐकत होतं.

"ठाकोरजी वयाने केवढे?" वांग्याने विचारलं.

"रांगतात सर. बाळ आहेत."

"बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं असतं?"

तिच्या डोळ्यांसमोर लीलाबेनचं देवघर आलं. एवढंसं अंग, एवढे गुबगुबीत गाल, आणि भलंमोठं गोल डोकं! तिने घाटगे सरांना रांगत्या बाळाचं डोकं विणलं होतं.

"रीत बरोबर," वांगं म्हणालं. "गुणाकार बरोबर. गृहीत धरलेलं चूक. पाचापैकी तीन." मग सरांनी ते डोळ्यांच्या वर सारलं, कडेच्या चार घड्या घातल्या आणि मागे कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. वांग्याचा आता फेटा झाला होता. "उबदार आहे हं," ते म्हणाले आणि पतंग घेतला. तोंड न फिरवता तिसऱ्या गच्चीला म्हणाले, "हसून घे, कापतो तुझा." आणि खरंच कापला.

दिवसभर त्यांनी ती टोपी काढली नाही. अकराला ऊन तापलं, घाम कानांवरून ओघळायला लागला, तरी नाही. चिमटा दर दहा मिनिटांनी सुटे आणि ऐन पेचात वांगं डोळ्यांवर येई. तीन चांगले पतंग त्यापायी गेले. सर दर वेळी म्हणत, "वाऱ्याने गेला." यशश्री फिरकी धरून मागे उभी होती. वारा नव्हता, हे तिला दिसत होतं.

संध्याकाळी यशश्री घरी आली तेव्हा ऊंधियूच्या भाजीचा डबा उघडला होता. बातमी अर्थातच आधी पोचली होती. बाबांच्या फोनवर वांग्याचा फोटो होता, आणि ते तो दुसऱ्यांदा मोठा करून बघत होते.

"घातली की गं त्यांनी!" आई म्हणाली. "दिवसभर!"

बाबा उठले. फ्रिजवरून फॉर्म काढून त्यांनी तो यशश्रीच्या ताटाशेजारी ठेवला. "शब्द तो शब्द," ते म्हणाले. "ठरलेल्या तारखेला पूर्ण केलीस. आता तू सांगशील ते. मी तर म्हणतो, ते मडकंसुद्धा खाली काढू."

इतका मऊ आवाज बाबांनी गिटार आणली त्या दिवसानंतर काढला नव्हता. आता गप्प बसलं आणि जिलबी घेतली की काम झालं होतं. यशश्रीने जिलबी घेतली. ती तोंडापर्यंत गेली आणि तिथून ताटात परत आली. मग तिने पिशवीतून वांगं काढलं आणि खिशातून एक सुती दोऱ्याचा तुकडा. त्याला दोन गाठी होत्या. निघताना तिने सरांकडे टोपी परत मागितली होती, आणि सरांनी काही न विचारता साधा दोरा स्वतःच्या डोक्याभोवती फिरवून, गाठी मारून, दातांनी तोडून तिच्या हातात दिला होता.

"बाबा, पूर्ण नाही झाली," ती म्हणाली. "ती मी बोर्डाच्या आधी सगळी उसवणार आहे. आणि या दोऱ्याच्या मापाने पुन्हा विणणार आहे, एकशे दहा टाके, मोजलेत मी. सर ती घालून पतंग उडवतात आणि त्यांना पतंग दिसत नाही. याला पूर्ण म्हणत नाहीत."

आईचा चमचा ऊंधियूत उभा राहिला. बाबांनी फॉर्मकडे बघितलं, मग वांग्याकडे.

"आणि फॉर्म? उद्या शेवटची तारीख आहे."

या वेळी विचार आधी आला आणि वाक्य मागून. यशश्रीने फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या, वांग्यात ठेवला आणि वांगं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"उद्या कुणी सही करायची नाही," ती म्हणाली. "फॉर्म उशिरा भरायची तारीख विचारायला मी स्वतः जाईन. पुढे काय करायचं, ते माप घेऊन सांगेन."